घुंगरू आणि जाळी : नव्या यंत्रांच्या जुन्या रूपाविषयी

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाताना बिद्री लागते. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यामुळे हे नाव सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. उन्हाळ्यात या भागातल्या एखाद्या रसवंतीत शिरले, की पेला हातात येण्याआधी घुंगरांचा आवाज कानावर येतो. घुंगरे चरकाच्या चाकाला बांधलेली असतात आणि चाक विजेच्या मोटारीवर फिरते. घाण्याला जुंपलेल्या बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांची ही आठवण, असे जुनी माणसे सांगतात. बैल गेला, त्याचा आवाज तेवढा राहिला. नव्या यंत्राला जुने रूप देण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्याविषयी विचार करावा असे आपल्याला वाटतच नाही.

माझ्यावर ती वेळ पुतण्याने आणली. आमचे बंद पडलेले गुऱ्हाळ त्याने पुन्हा सुरू करायचे ठरवले. ऊस कारखान्याला जातो आणि नुसत्या गुळावर गुऱ्हाळघर चालत नाही. म्हणून पुण्यामुंबईची माणसे येऊन बघतील, ताजी काकवी खातील, गूळ घेऊन जातील, अशी त्याची योजना. चरक नवा, मोटार नवी. पण दिसायला सगळे जुने हवे. मोटारीभोवती लाकडी खोके, चरकाला काळपट रंग, कोपऱ्यात लपवलेल्या स्पीकरमधून जुन्या तेल-इंजिनाची पुकपुक. मी चार अक्षरे लिहितो, म्हणून दारातल्या फलकाचा मजकूर माझ्याकडे आला. शेवटी तो म्हणाला, “काका, पट्ट्यावरची जाळी तेवढी काढणार हाय. जाळी असली की पिठाची गिरणी वाटतीया. उघडा पट्टा फिरताना दिसला पायजे.”

माझी पहिली प्रतिक्रिया शिष्टपणाची होती. यंत्राने यंत्रासारखे दिसावे, मोटारीने इंजिनाचे सोंग आणू नये, हा विचार माझ्या पिढीच्या वाचनातून आलेला. व्हिएन्नाचे वास्तुकार अडॉल्फ लोस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अलंकरणाला गुन्ह्याच्या पंगतीला बसवले आणि पुढच्या कित्येक आरेखनकारांनी ते प्रमाण मानले. पण हा नियम आपल्याच मातीत टिकत नाही. कार्ल्याचे चैत्यगृह पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर पोखरून केलेल्या त्या छताला आधाराची गरज नव्हती. तरीही त्याला लाकडी फासळ्या बसवल्या आहेत. लाकडी बांधकामाची सवय झालेल्या डोळ्यांना नव्या दगडी वास्तूत परके वाटू नये, एवढेच त्यांचे काम. त्यांना कुणी खोटे म्हणत नाही, कारण आपण कातळात उभे आहोत हे तिथे कुणापासून लपवलेले नाही. तेव्हा जुने रूप घेणे हा दोष नव्हे. ते रूप घेताना काय झाकले आणि काय काढून टाकले, हे पाहायला हवे.

अलीकडची दोन वाहने या कसोटीवर लावून पाहू. बजाजची चेतक 1972 साली आली आणि मराठी मध्यमवर्गाच्या घरातलीच एक झाली. सकाळी सुरू होईना की तिला एका बाजूला कलती करायची आणि मग किक मारायची, हा कितीतरी घरांतला नित्यविधी होता. 2019 साली हेच नाव घेऊन विजेवर चालणारी चेतक आली. गोलाई तीच, अंगावर पत्राही आहे. पण धूर नाही, किक नाही, कलती करणे नाही. आपण विजेवर चालतो हे ती लपवत नाही. जुन्या गाडीची ओळख तिने ठेवली आणि जुना त्रास सोडला. माझ्या मते हे जुन्या रूपाचे निकोप उदाहरण आहे.

जावाचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. मूळची चेक असलेली ही मोटारसायकल म्हैसूरला बनत असे. तो कारखाना 1996 साली थांबला. 2018 साली जावा परतली ती चार-स्ट्रोक आणि द्रवाने थंड होणारे इंजिन घेऊन. तरी त्या इंजिनावर हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनासारख्या पात्या आहेत आणि मागे दोन नळकांडी आहेत. थंडाव्याचा मुख्य भार समोरच्या रेडिएटरवर आहे. पात्यांचे काम बव्हंशी दिसण्याचे. इथे रूप कामापासून सुटले आहे. कार्ल्याच्या फासळ्यांसारखेच ते आहे, असे कुणी म्हणेल. पण फासळ्या बघणाऱ्याला डोंगर दिसत असतो. पात्या बघणाऱ्याला आतला द्रव दिसत नाही. तरीही हा दोष रसिकतेचा आहे. त्यापायी कुणाला इजा होत नाही.

इजेचा विचार सुचला तो होडीच्या मोटारीवरून. कोकणात होडीच्या मागच्या फळीवर अडकवलेली मोटार सर्वांनी पाहिली आहे. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी 1909 साली ती बाजारात आणली आणि वल्ह्यांना पर्याय मिळाला. त्या जुन्या मोटारीचे जड चाक डोक्यावर उघडेच असे. चाकाला एक मूठ होती. ती धरून चाक फिरवायचे आणि मोटार सुरू होताच हात झटकन मागे घ्यायचा, कारण चाकाबरोबर मूठही फिरत राही. उशीर झाला की बोटे सडकून निघत. आजच्या मोटारीवर पूर्ण झाकण असते. परदेशात हौशी मंडळी या नव्या झाकणावर जुने रंग आणि जुनी अक्षरे चढवतात. सरोवरात ती मोटार पन्नास-साठ वर्षांपूर्वीची भासते. पण झाकण उघडले तर आत सगळे आजचे. मला ही हौस आवडते. ती झाकण रंगवते, काढून टाकत नाही.

आता आमच्या गुऱ्हाळाकडे येतो. तेल-इंजिनाच्या काळात चरकाला रुंद, चपटा पट्टा असे. उसाचा भार वाढला की तो घसरे. मग त्यावर राळ टाकायची, म्हणजे पट्टा चाकाला धरून राही. इंजिन बंद करून पुन्हा हँडल मारण्याचा खटाटोप नको, म्हणून राळ चालत्या पट्ट्यावरच टाकत. एका पहाटे थोरल्या तात्यांचा, म्हणजे या पुतण्याच्या आजोबांचा, उजवा हात पट्टा आणि चाक यांच्यामध्ये गेला. दोन बोटे गेली. काहील चुलवाणावर उकळत होती. गुळव्याने गूळ उतरवला, मगच सगळे तात्यांना घेऊन निघाले. तात्यांनीच तसे सांगितले होते, असे घरात कौतुकाने सांगत. आज मला त्यात कौतुकापेक्षा नाइलाज दिसतो. एक काहील करपणे त्यांना परवडणारे नव्हते.

पुतण्याने दारात लावायला तात्यांचा फोटो मोठा करून आणला आहे. फेटा, मिशा, मागे इंजिनाचे मोठे चाक आणि उजवा हात धोतराच्या सोग्याआड. “काय ऐटीत उभे हायेत बघा,” तो म्हणाला. तात्या गेले तेव्हा तो जन्मलाही नव्हता. हात सोग्याआड का आहे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. मी सांगितले. तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला.

जुन्या रूपाची खरी अडचण मला त्या फोटोत दिसली. फोटोतले सारे खरे आहे. फक्त एक हात झाकलेला आहे. गुऱ्हाळाच्या आठवणीत आपण काकवीची गोडी ठेवतो, इंजिनाच्या कढत पाण्याची अंघोळ ठेवतो, पुकपुक ठेवतो. चुलवाणात रात्रभर चिपाड ढकलणाऱ्या माणसाचे डोळे ठेवत नाही आणि तुटलेली बोटेही ठेवत नाही. ‘जुनं ते सोनं’ म्हणताना सोन्यातला हीण आपण आधीच काढून टाकलेला असतो. एवढ्यावर थांबले तर ती माणसाच्या मनाची नेहमीची खोड म्हणून सोडून देता येईल. पण जुने दिसावे म्हणून पट्ट्यावरची जाळी काढली, की निघते ती तात्यांच्या बोटांनी शिकवलेली गोष्ट. मग रूप जुने होते आणि धोकाही जुना होतो; आणि समोर उभी असतात सहलीला आलेली, हात पुढे करून बघणारी मुले.

म्हणून मी पुतण्याला नकार दिला नाही, पण अटी घातल्या. रंग जुना असू दे. मोटारीला खोके नको. तापलेल्या मोटारीला वारा लागतो आणि ती मोटार आहे हे लोकांना कळायलाही हवे. स्पीकर नको, कारण नसलेल्या इंजिनाचा आवाज ऐकवणे ही सरळ फसवणूक. घुंगरू मात्र हवे. ते खरोखर वाजते, बैलाची आठवण ठेवते, आपण बैल आहोत असे म्हणत नाही आणि चरक चालू आहे ही सूचनाही देते. जाळीला वाटल्यास काळा रंग द्यावा, काढू नये. आणि फलकावर फोटोखाली उजव्या हाताची हकिकत लिहावी. ती मी लिहून दिली.

पुतण्याने बाकी सगळे मानले, एका गोष्टीवर मात्र अडून राहिला. “घुंगरू जाळीच्या आत गेलं तर दिसणार न्हाई, काका.” खरे होते ते. पण परवा चरक चालवून पाहिला, तेव्हा जाळीच्या आतून आवाज स्पष्ट येत होता. रस्त्यावरून चाललेली दोन माणसे तो ऐकून वळली आणि रस आहे का म्हणून विचारू लागली.