नावांची ओळ आणि दिलेला शब्द

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातील आपल्या जुन्या घरांना वंशावळ नवी नाही. भाटाने वाचलेली वही, तीर्थोपाध्यायांच्या चोपडीतील पणजोबांची नोंद, वाटणीच्या वेळी काढलेला कुर्सीनामा: नावांच्या या ओळी आम्ही भक्तिभावाने ऐकल्या आहेत आणि त्यांवरून भांडलोही आहोत. तरीही बायबलमधील वंशावळी समोर आल्या की आपला वाचक पाने उलटतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभच नावांच्या यादीने व्हावा, हे त्याला रुक्ष वाटते. आमच्या मते ती यादी त्या कथेचा कणा आहे.

मराठीला हे परके वाटू नये. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ओवीबद्ध ग्रंथाला पुराण म्हटले. आणि पुराणाच्या पाच लक्षणांत वंश व वंशानुचरित ही दोन आहेतच. पुढे बंगालमधील सेरामपूरच्या ज्या मिशन छापखान्यातून 1811 मध्ये मराठी नवा करार निघाला, त्याच छापखान्याने त्याच दशकात रघूजी भोसल्यांची वंशावळही छापली. आपला मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडेच होता. छापखाना एक, पण दोन वंशावळींचे प्रयोजन निराळे. राजघराण्याची वंशावळ हक्क सांगते. मत्तयाची वंशावळ दिलेला शब्द पाळला गेल्याची साक्ष देते.

तो शब्द दोघांना दिलेला. अपत्यहीन, वृद्ध अब्राहामाला संततीचा आणि तिच्याद्वारे सर्व कुळांच्या कल्याणाचा. दाविदाला अढळ सिंहासनाचा. मत्तय याच दोन नावांपासून निघतो आणि चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे पाडतो. हा हिशेब बसवण्यासाठी तो तीन राजे गाळतो, आणि शेवटच्या टप्प्यात मोजणी एका नावाने कमी भरते. लूकची यादी तर दाविदानंतर शलमोनाऐवजी नाथानाच्या शाखेने जाते. या याद्यांना तलाठ्याचे दप्तर समजणाऱ्याची येथे फजिती होते. चौदा हा आकडा हिब्रू अक्षरांच्या मूल्यांनुसार दाविदाच्या नावाचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे यादी नोंद न राहता प्रतिपादन होते.

या प्रतिपादनाची कसोटी यखन्या या राजाच्या नावापाशी लागते. देवाच्या हातातील मुद्रेची अंगठी असता तरी तो उपटून टाकला जाईल, त्याला निपुत्रिक म्हणून नोंदवा, असे यिर्मयाने बजावले होते. राजा बाबेलात बंदिवान झाला. पण इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात त्याच बंदिवानाच्या मुलांची नावे येतात, आणि हाग्गय त्याच्या नातवाला, जरुब्बाबेलाला, पुन्हा मुद्रेच्या अंगठीची उपमा देतो. मत्तय आजोबा आणि नातू दोघांनाही यादीत ठेवतो. शिक्षा पुसलेली नाही, आणि शब्दही मोडलेला नाही. हे सांगायला त्याला एकही विशेषण लागले नाही.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. सारा-रिबकेसारख्या मान्यवर आद्यमाता वगळून मत्तय तामार, राहाब, मवाबी रूथ आणि उरीयाची पत्नी यांना ओळीत आणतो. कोणी परकी, कोणाच्या नावाभोवती कुजबुज. करार रक्ताच्या शुद्धतेवर टिकत नाही, हे याहून नेटके कसे सांगावे?

येथे आम्हांला आपल्या वह्या आठवतात. त्यांत लेक नसते, सून असलीच तर कोणाची तरी पत्नी म्हणून. 1956 मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सीमा बदलल्या, भाषा घरात उरली. ती ओव्यांतून, म्हणींतून, अंगाईतून कोणी उरवली, हे मात्र आपल्या कुर्सीनाम्यात सापडत नाही. ज्यांनी शब्द पाळला त्यांचीच नावे गाळणारी वंशावळ पूर्ण कशी म्हणावी? नवी प्रत उतरवण्यापूर्वी प्रत्येक घराने मत्तयाचे पहिले पान एकदा, न उलटता, वाचावे.