यजमानाचे मौन : पीस कोअर स्वयंसेवकांची मौखिक कथने

मौखिक इतिहासाचा विचार आपल्याकडे बहुधा वंचितांच्या संदर्भात होतो. ज्यांच्या हाती लेखणी येऊ दिली गेली नाही त्यांच्या वाणीची नोंद, ही त्याची रूढ भूमिका. परदेशातील समाजांत साधारण दोन वर्षे काम करून परतलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांना ती लागू पडत नाही. ही मंडळी बहुतांशी पदवीधर, घरी पत्रे लिहिणारी. मग त्यांच्या कथनांचे मोल कशात शोधावयाचे?

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी पीस कोअरची स्थापना केली. त्याच वर्षीच्या कायद्याने तिची तीन उद्दिष्टे निश्चित झाली : प्रशिक्षित मनुष्यबळ पुरविणे, यजमान समाजाला अमेरिकनांचे आकलन घडविणे आणि अमेरिकनांना इतर समाजांचे. घानाला गेलेल्या पहिल्या तुकडीतील रॉबर्ट क्लाइन यांनी पुढे परतलेल्या सहकाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचा प्रकल्प उभा केला. या मुलाखती बॉस्टन येथील केनेडी ग्रंथालयात जतन झाल्या आहेत. येथे विचारणारा आणि सांगणारा, दोघेही परतलेलेच. हा संग्रह तिसऱ्या उद्दिष्टाची उत्तम साक्ष देतो. दुसऱ्याविषयी मात्र तो केवळ एका पक्षाचे म्हणणे नोंदवितो.

मुलाखतकार आणि निवेदक एकाच चळवळीतील असणे हा दोष नव्हे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात हीच आपलेपणाची जवळीक आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना बोलते करते. परंतु तेथे जे सांगितले जाते ते सांगणाऱ्यांचे स्वतःचे जगणे आहे. स्वयंसेवकाच्या कथनात दुसऱ्याचे गाव, दुसऱ्याचे दारिद्र्य, दुसऱ्याचे आतिथ्य हाच आशयाचा मोठा भाग असतो. अशा वेळी दोघा समानधर्मींतील जवळीक शंकेला वाव देत नाही. ‘तुम्हाला ठाऊकच आहे’ या भावनेत बरेच काही न बोलताच संपते.

याचे एक बोलके उदाहरण अक्राच्या विमानतळावरचे. ३० ऑगस्ट १९६१ रोजी तेथे उतरलेल्या तुकडीने त्वी भाषेत गीत गायिले. ते घानाचे राष्ट्रगीत होते, असे अनेक वृत्तांत सांगतात. घानाचे अधिकृत राष्ट्रगीत मात्र इंग्रजीत होते. त्वीतले ते एक देशभक्तिपर गीत असावे. अलेस्सांद्रो पोर्तेली यांनी तेर्नी येथील लुइजी त्रास्तुल्ली या कामगाराच्या मृत्यूच्या आठवणी अभ्यासल्या. १९४९ मधील ही घटना अनेकांच्या स्मरणात १९५३ मध्ये सरकली होती आणि पोर्तेली यांनी त्या सरकण्यालाच अर्थ दिला. त्याच न्यायाने पाहिल्यास गीताचे राष्ट्रगीत होणे ही स्वागताची आस आहे : एका राष्ट्राने आपल्याला आपले म्हणावे, ही. त्या वेळी ऐकणाऱ्या घानावासीयांना काय वाटले, हे या वृत्तांतावरून कळत नाही.

यजमानाने प्रत्युत्तर दिल्याचा एक प्रसंग त्याच वर्षी घडला. ऑक्टोबर १९६१ मध्ये इबादान येथे एका स्वयंसेविकेचे घरी धाडावयाचे कार्ड विद्यार्थ्यांच्या हाती पडले. तेथील राहणीचे तिने केलेले वर्णन वाचून त्यांनी निषेध केला. तिला परतावे लागले. पत्राला असा अनपेक्षित वाचक भेटू शकतो. चार दशकांनंतर बंद खोलीत झालेल्या मुलाखतीला तो भेटत नाही, आणि म्हणूनच ती अधिक सौम्य, अधिक कृतज्ञ होते, असे मला वाटते. ही कृतज्ञता खोटी नाही. तिची कसोटी लागलेली नाही, इतकेच.

भारतात हे कार्य १९६१ ते १९७६ असे चालले. जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ मध्ये, परिचारिकेचा अनुभव घेऊन विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या. त्यांची पत्रे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. तौलनिक अभ्यासकाला त्यांची सांगड कशाशी घालता येईल? इतर स्वयंसेवकांच्या उशिराच्या कथनांशी घातली, तर पत्राची तात्कालिकता आणि स्मरणाची घडण यांतील अंतर दिसेल, आणि तेवढेही पुष्कळ आहे. पण दोन्ही बाजूंना भाषा इंग्रजीच राहील. विक्रोळीत त्या काळी विशीत असलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या स्मरणात ही परदेशी स्त्री ‘बाई’ म्हणून उरली, ‘नर्सबाई’ म्हणून, की ‘आजी’ म्हणून, हे मराठीत आणि त्यांनाच विचारावे लागेल.