आसनविधीची भाषा : अट, परिमाण आणि निवृत्ती

योगासनांच्या सुरक्षिततेचा विचार बहुधा शरीरशास्त्राच्या अंगाने केला जातो. परंतु आसन शिकविले जाते ते वाक्यांच्या द्वारा. आणि विधिवाक्य सदोष असेल, तर त्या दोषाचे फळ अभ्यासकाच्या मानेस अथवा कमरेस भोगावे लागते. म्हणून हा प्रश्न भाषाभ्यासाच्याही कक्षेत येतो.

स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त योगास बाधक अशा ६ गोष्टींत ‘प्रयास’, म्हणजे अतिश्रम, आणि ‘नियमाग्रह’ यांची गणना आहे. विपरीतकरणी पहिल्या दिवशी क्षणभरच करावी व पुढे रोज किंचित वाढवावी, असे परिमाणही तेथे सांगितले आहे. त्याच विवेचनात नित्य एक प्रहर अभ्यासाची फलश्रुती येते, हे नजरेआड करता येत नाही. तेव्हा प्राचीन ग्रंथ सर्वस्वी सावध होता असे ठरत नाही. मात्र क्रियेसोबत परिमाण सांगावे, ही जाणीव त्यात निश्चित आढळते. शिवाय त्याने गुरुमुखातील विवरण गृहीत धरले आहे.

विसाव्या शतकात ही परिस्थिती पालटली. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये वर्सोवा येथे योग संस्थेची स्थापना केली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योग गृहस्थास खुला करणे आणि त्यास प्रयोगाच्या कसोटीवर घासणे, हे या दोघांचे कार्य निःसंशय मोठे होय. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत भरणाऱ्या प्रातःकालीन वर्गांमागे हीच परंपरा आहे. परंतु एक शिक्षक अनेकांस उद्देशून बोलू लागला, की विधिवाक्य आखडते. ‘वाका’, ‘थांबा’, ‘सोडा’ एवढ्या आज्ञा उरतात आणि त्यांस ‘जमेल तितके’ हे एकच विशेषण जोडले जाते. हा शब्दप्रयोग सौम्य भासतो. वस्तुतः ज्यास स्वतःचे माप ठाऊक नाही, त्याच्याच हाती तो माप देतो. शेजारचा अधिक वाकलेला दिसताच ‘जमेल’ याचे ‘जमलेच पाहिजे’ होण्यास विलंब लागत नाही.

दुसरा दोष पदक्रमाचा. ऐकणारा वाक्य ऐकत ऐकतच कृती करतो. उच्च रक्तदाब अथवा काचबिंदू असणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून शीर्षासन करू नये, ही सूचना आसनाच्या वर्णनानंतर आल्यास ती निरुपयोगी ठरते. अट क्रियेच्या आधी यावयास हवी. तद्वतच खाली कसे उतरावे हे पाय उचलण्यापूर्वी सांगितले पाहिजे.

तिसरा दोष शब्दांच्या निवडीचा. ‘दुखते का?’ हा प्रश्न फारच ढोबळ आहे. मराठीत ताण, रग, कळ, चमक, मुंग्या, बधिरपणा असे वेदनेचे भेद बोलीतच सिद्ध आहेत. सौम्य ताण व रग बहुधा स्नायूंच्या श्रमाची असते. तीव्र कळ, चमक, मुंग्या किंवा बधिरपणा जाणवताच आसन सोडणे अवश्य आहे. शिक्षकाने हे शब्द वापरले, तर अभ्यासकास थांबण्याची खूण त्याच्याच भाषेत मिळेल.

पतंजलीने आसनाची स्थैर्य आणि सुख ही दोन लक्षणे मानली आहेत. ती साधावयाची, तर विधिवाक्यात क्रियेआधी अट, क्रियेसोबत परिमाण आणि निवृत्तीचा स्पष्ट निर्देश असणे आवश्यक आहे.