थेंबाआधीचा बेडका

अळूच्या पानावर पडलेला पावसाचा थेंब पानाला न चिकटता घरंगळत जातो. समजा, त्या पानाची एखादीच जागा आपल्या इशाऱ्यावर ओलावा धरू लागली, तर थेंब तिकडे ओढला जाईल; ती कोरडी करून शेजारची जागा ओली केली, तर तो पुढे सरकेल. इलेक्ट्रोवेटिंगचे तत्त्व एवढेच आहे. पानाच्या जागी पाणी झिडकारणारा टेफ्लॉनसारखा लेप, त्याखाली इलेक्ट्रोडची बारीक जाळी, आणि विजेचा दाब इकडून तिकडे फिरवला की थेंब चालतात, एकमेकांत मिसळतात, दुभंगतात. पंप नाही, झडप नाही. विजेच्या दाबाने पाऱ्याचा पृष्ठताण बदलतो हे गॅब्रिएल लिपमन यांनी 1875 मध्ये दाखवले होते. त्या निरीक्षणातून चालती-फिरती प्रयोगशाळा घडवण्याचे श्रेय अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड फेअर यांच्या गटाकडे बऱ्याच अंशी जाते. रोगजंतूचा डीएनए ओळखण्याची सारी खटपट एका काडेपेटीएवढ्या पट्टीवर, माणसाचा हात न लागता व्हावी, हे या विद्येचे स्वप्न. ते कुठवर आले आहे, हे मला सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याहून तपासायचे आहे.

या विद्येची दुसरी शाखा थेंब चालवत नाही, ती थेंब मोजते. 20 मायक्रोलिटर नमुना तेलात फोडून त्याचे सुमारे 20,000 थेंब करायचे, प्रत्येकात स्वतंत्र पीसीआर होऊ द्यायचा आणि किती थेंब चमकले ते मोजायचे. ज्यात डीएनएचा रेणू सापडला तो थेंब चमकतो, बाकीचे काळोखे राहतात. एखाद्या थेंबात दोन रेणू गेले असतील तर त्याचा हिशेब संभाव्यतेचे गणित लावून देते. व्होगेलस्टाइन आणि किन्झलर यांनी 1999 मध्ये मांडलेली ‘डिजिटल पीसीआर’ची कल्पना 2011 च्या सुमारास अशा थेंबांच्या रूपाने बाजारात आली. रक्ताच्या कर्करोगात उपचारांनंतर उरलेल्या मूठभर पेशींचा माग काढताना ही मोजणी फार उपयोगी पडते. मोजमापाची कला म्हणून ती अस्सल आहे, याबद्दल मला शंका नाही.

माझी शंका मोजणीच्या आधीच्या टप्प्याबद्दल आहे. मेढा हे जावळी तालुक्याचे ठिकाण. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या बामणोलीपलीकडच्या वाड्यांना आजही लाँचचा आधार लागतो. तिथल्या खोकणाऱ्या माणसाची थुंकी डबीत घेऊन ग्रामीण रुग्णालयात येते, तेव्हा तिचा थेंब होतच नाही. बेडका चिकट असतो, तार धरतो, त्यात कधी रक्त, कधी अन्नाचे कण. तो आधी पातळ करावा लागतो, क्षयाच्या जंतूचे मेणचट आवरण फोडावे लागते, मग डीएनए वेगळा काढावा लागतो. थेंबांवरचे कितीतरी संशोधन या सगळ्यानंतर, स्वच्छ द्रावणापासून सुरू होते आणि तरीही ‘संपूर्ण स्वयंचलित’ म्हणवते. नमुन्यातली प्रथिने पाणी झिडकारणाऱ्या लेपाला चिकटली की थेंब अडतो, हे या क्षेत्राचे जुने दुखणे आहे. ड्यूकच्या संशोधनातून उभी राहिलेली अ‍ॅडव्हान्स्ड लिक्विड लॉजिक ही कंपनी 2013 मध्ये इल्युमिनाने घेतली; तिच्या तंत्रावरचे निओप्रेप हे यंत्र बाजारात आले आणि दोन-तीन वर्षांत बंदही झाले. हेच तत्त्व वापरणारी जेनमार्क ही कंपनी 2021 मध्ये रोशकडे गेली. तिची यंत्रे मोठ्या इस्पितळांसाठी घडली आहेत. मेढ्याच्या वाटेवर ती नाहीत.

या वाटेवर खरे काम झाले ते गोव्यात. वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये क्षयरोगाच्या निदानासाठी मान्य केले. त्यात थेंबांची कवायत नाही. बॅटरीवर चालणारे लहान यंत्र, कोरड्या स्वरूपातली रसायने आणि छोटी चिप. बेडका पातळ करणे, डीएनए काढणे आणि पीसीआर मिळून साधारण तासाभराचे काम. रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाला दाद न देणारा जंतू ओळखायचा तर आणखी तासभर. मात्र मधोमध एक हाताचे काम आहे. टेक्निशियन मायक्रोपिपेटने 6 मायक्रोलिटर द्रावण उचलतो, रसायनाच्या नळीत सोडतो, ते विरघळून नितळ होईपर्यंत थांबतो आणि तेवढाच थेंब पुन्हा उचलून चिपच्या खळग्यात ठेवतो. या साऱ्या कथेतला हा एकच थेंब, आणि तोही माणसाच्या हातातला.

यावर आक्षेप येतो की हीच तर उणीव आहे: हात कापला, बुडबुडा आला की तपासणी वाया, त्यापेक्षा सीबीनॅट या क्षयतपासणीच्या दुसऱ्या यंत्राचे बंद काडतूस बरे. आक्षेप खरा आहे. त्या काडतुसात नमुना एकदा ओतला की पुढचे सगळे आतच होते, आणि त्याच्या ‘अल्ट्रा’ आवृत्तीला मिलिलिटरमध्ये सोळाएक जंतूही पुरतात, जिथे सूक्ष्मदर्शकाला दहा हजारांच्या आसपास लागतात. पण त्या यंत्राला अखंड वीज आणि थंड खोली लागते, आणि उन्हाळ्यातल्या भारनियमनात या दोन्हींचा भरवसा देता येत नाही. मग नमुने साताऱ्याला पाठवावेत, असे कुणी म्हणेल. पाठवता येतात, पाठवले जातातही. पण निकाल हाती येईपर्यंत माणूस मुंबईला कामावर परतलेला असतो, आणि या तालुक्यातून मुंबईला जाणारे थोडे नाहीत. म्हणून स्वयंचलनाचे माप डबीपासून औषधाच्या पहिल्या गोळीपर्यंत घ्यावे, असे माझे म्हणणे आहे. त्या मापाने ट्रूनॅट अर्धवट असूनही पुढे आहे आणि वीस हजार थेंबांचे यंत्र पूर्ण असूनही मागे. सोळा जंतू पकडणाऱ्या तपासणीनंतर आणखी बारीक मोजणीने मोठ्या माणसाच्या फुफ्फुसाच्या क्षयात फारसे काही पदरात पडत नाही. रुग्ण निसटतो तो इतरत्र.

याचा अर्थ थेंबांचे तंत्र आपल्याला नकोच, असा कुणी काढू नये. डोंगरापलीकडे पाचगणीला आणि तिकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयाची सॅनिटोरियमे उभी राहिली त्या काळापासून लहान मुलांच्या क्षयाचे निदान अवघड राहिले आहे. तीन वर्षांच्या मुलाला खोकून बेडका काढता येत नाही; तो गिळला जातो. मग पहाटे, उपाशीपोटी, नाकातून नळी घालून पोटातले पाणी काढायचे, आणि त्यातही जंतू अगदी तुरळक. आता अशा मुलांच्या विष्ठेची तपासणीही मान्य झाली आहे. शिवाय जंतूच्या डीएनएचे तुटके धागे रक्तात फिरतात, आणि ते इतके विरळ असतात की वीस हजारांतून दोन-चार थेंब चमकणे हाच पुरावा ठरू शकेल. थेंब जुळवणाऱ्यांनी आपली कारागिरी इथे लावावी. सुरुवात मात्र स्वच्छ द्रावणापासून करू नये. त्या मुलाच्या बोटातून निघालेल्या रक्तापासून करावी, आणि जिथे दुपारी वीज जाते अशा खोलीत करावी.