जास्वंदावरची मधमाशी : एका पाठाची उलटतपासणी

परागीभवनाचा पाठ आला की आपण काय करतो? शाळेच्या कुंपणावरचे एक तांबडे जास्वंद तोडून आणतो. ब्लेडने ते उभे कापतो. पुंकेसर, कुक्षी, अंडाशय दाखवतो. फळ्यावर आकृती काढतो, तिच्या शेजारी एक मधमाशी काढतो आणि मधमाशीपासून दुसऱ्या फुलापर्यंत एक बाण ओढतो. पाठ संपतो. परीक्षेत आकृतीला आणि नावांना गुण मिळतात.

या पाठात खोटे असे काही नाही. तरीही जळगाव-धुळ्याच्या मुलाला त्याच्या अंगणात चाललेले परागीभवन या पाठातून दिसत नाही, अशी माझी तक्रार आहे. आणि ती एकट्या पाठ्यपुस्तकाविरुद्ध नाही. वर्गातली आकृती, शहरातली बाग आणि विज्ञान प्रदर्शनातले पोस्टर ही तिन्ही एकमेकांची री ओढतात, म्हणून तिन्हींची तपासणी एकत्रच करायला हवी.

आधी जास्वंद घेऊ. फूल मोठे, भाग ठळक, बारमाही मिळणारे. कापून दाखवायला याहून सोयीचे फूल नाही. पण मुलांना एक प्रश्न विचारून पाहा : जास्वंदाचे फळ कोणी पाहिले आहे का? बहुतेक वर्गांत एकही हात वर होणार नाही. बागेतले तांबडे जास्वंद आपल्याकडे सहसा फळत नाही. आपण ते फांदी लावूनच वाढवतो. म्हणजे परागीभवन, फलन, फळ, बी ही गोष्ट आपण अशा फुलापासून सुरू करतो, ज्यात ती बहुधा पुरीच होत नाही! त्याच्या मधासाठी येणाऱ्यांत शिंजीर पक्षी ठळक असतो. आकृतीत मात्र तो नसतो.

याच जास्वंदाचे दोन सख्खे नातलग खानदेशात घरोघरी माहीत आहेत : भेंडी आणि कापूस. रचना तीच, पुंकेसरांची नळीही तशीच. भेंडीचे फूल सकाळी उमलते, संध्याकाळपर्यंत मिटते आणि आठवड्याच्या आत तोडायजोगी भेंडी हाती येते. सोमवारी पाहिलेल्या फुलाचे काय झाले हे मुलाला शनिवारी दिसते. मग आपण जास्वंदालाच का चिकटून बसतो? केवळ सवयीने.

आता ती मधमाशी. कोणती मधमाशी? आग्या, सातेरी, फुलोरी, की पोयाची बारीक माशी? मध साठवणाऱ्या या माशा तरी निदान कोणाला ठाऊक असतात. पण जगात मधमाशांच्या कुळांतल्या सुमारे २०,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य पोळे बांधत नाहीत, विकण्याजोगा मध करत नाहीत, राणी-कामकरी असा संसारही मांडत नाहीत. प्रत्येक मादी एकटीच घर करते, परागाचा गोळा साठवते, त्यावर अंडे घालते आणि तोंड बंद करून निघून जाते. या एकांड्या माशा आपल्या अंगणातच राहतात. लाकडात भोक पाडणारा काळा भुंगा हा त्यांच्यातलाच. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाचा कंपासने काढावा तसा गोल तुकडा कापून नेणारी पानकातरी माशी दुसरी. पोटावर निळे चकचकीत पट्टे असलेली, फुलासमोर क्षणभर हवेत थबकणारी माशी तिसरी.

खानदेशात यांची ओळख आणखी एका कारणासाठी हवी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आसोदा, बामणोद ही नावे खवय्यांना आधीपासूनच पाठ आहेत. वांग्याचे फूल जवळून पाहा. मध्ये पिवळ्या परागकोशांचा झुबका असतो. हे कोश इतर फुलांसारखे उभे उकलत नाहीत. त्यांच्या टोकाला बारीक छिद्रे असतात आणि पराग आत मिठाच्या डबीतल्या मिठासारखा कोंडलेला असतो. डबी हलवली तरच मीठ पडते. निळ्या पट्ट्यांची माशी आणि भुंगा फुलाला मिठी मारतात, पंख न हलवता पंखांचे स्नायू जोरात थरथरवतात, आणि पराग भुरकन बाहेर पडतो. त्या वेळी होणारा चढा गुंजारव कान दिला तर ऐकू येतो. आपल्या आकृतीतल्या, पोळ्यातल्या मधमाशीला ही विद्या येत नाही! वांगे वाऱ्याच्या हिसक्यानेही काही प्रमाणात स्वतःच्याच परागावर धरते, हे खरे; पण अशा माशा आल्या तर फळधारणा सुधारते.

हे वर्गात दाखवायला पैसा लागत नाही. भौतिकशास्त्राच्या कपाटातला नादकाटा घ्या. ताज्या उमललेल्या वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या फुलाखाली काळा कागद धरा, नादकाटा रबरावर आपटून त्याचे टोक परागकोशांना हलकेच लावा. कागदावर पिवळसर भुकटी पडते. ध्वनी आणि पुनरुत्पादन हे दोन पाठ एका फुलात भेटलेले मुलांना दिसतात.

आता बागेकडे वळू. शहरातल्या नव्या वसाहतीची बाग कशी असते? मध्ये हिरवळ, कडेने छाटलेली पिवळी ड्युरांटा, दोन पाम, क्रोटनच्या कुंड्या, चालायला पेव्हर ब्लॉक. फुले असलीच तर दुपटी-तिपटी पाकळ्यांची. दुहेरी फुलात पुंकेसरांचीच पुष्कळदा पाकळी झालेली असते. डोळ्यांना मेजवानी, माशीला उपास. ड्युरांटाला वाढू दिले तर जांभळे तुरे येतात आणि त्यांवर फुलपाखरे जमतात. पण दर पंधरवड्याला कात्री चालवल्यावर तुरा येणार कुठून? अशा बागेला हिरवी म्हणावे, जिवंत म्हणताना थांबावे.

अन्नापेक्षाही मोठी अडचण घराची आहे. बहुसंख्य एकांड्या माशा उघड्या जमिनीत बीळ करतात. जुन्या खानदेशी धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंतीही त्यांना सोयीच्या होत्या. निळ्या पट्ट्यांची माशी अशा मऊ भिंतीत सहज घर करते. भिंती सिमेंटच्या झाल्या, अंगण फरशीचे झाले. माणसाचे घर पक्के झाले आणि माशीचे गेले. धाब्यात परत राहायला जा, असे कोणी म्हणणार नाही. पण शाळेच्या आवारात चार हात जागा उघडी ठेवणे अवघड आहे काय?

तिसरे पोस्टर. काही काळापूर्वी एका प्रदर्शनात मी ते पुन्हा पाहिले : मधमाशा संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, आणि खाली आईन्स्टाईनचे नाव. आईन्स्टाईन असे बोलल्याचा कोणताही पुरावा नाही. विधानही विज्ञानाला धरून नाही. ज्वारी, बाजरी, गहू, मका यांचे परागीभवन वाऱ्याने किंवा आपल्या आपण होते. जळगावची केळी तर परागीभवनावाचूनच फळते. केळफुलावर मधमाशा, शिंजीर, वटवाघळे मधासाठी येतात, पण घडाला त्यांची गरज नसते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिके कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून असल्याचे आढळले. पण वजनाने पाहिले तर त्या पिकांचा वाटा जगाच्या अन्नोत्पादनात सुमारे ३५ टक्केच होता. म्हणजे माशा गेल्या तर भाकरी राहील, पण भरीत, तुरीची डाळ, कांद्याचे बी, डाळिंब यांना कमी-जास्त फटका बसेल. हे खरे चित्र पुरेसे गंभीर आहे. त्याला खोट्या सहीची जरूर नाही. भीती घालून शिकवलेले मूल पोस्टर रंगवते. फुलापाशी दहा मिनिटे थांबत नाही.

मग थांबायचे कधी आणि कुठे? आपला पाठ वर्षातून एकदा येतो. माशांचे वर्ष मात्र तीन ऋतूंचे असते.

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, एकदांडी, तरवड फुलतात. टाकळा आणि तरवड यांचे परागकोशही छिद्राचे, म्हणून तेथे भुंगे हटकून येतात. आणि नेमके याच वेळी, पंधरा ऑगस्टच्या आधी, आपण श्रमदान करून सारे तण उपटून मैदान लख्ख करतो! ध्वजस्तंभाभोवती जरूर साफ करावे. पण कुंपणालगतचा एक पट्टा दसऱ्यापर्यंत राखून ठेवावा.

हिवाळ्यात धुळ्याचा पारा कधीकधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. सकाळी आठला फुलावर कोणी नसेल तर निराश होऊ नये. ऊन तापल्यावर पाहावे. तुरीवर पानकातरी आणि तिची भावंडे येतात. परसातली थोडी कोथिंबीर आणि मेथी न खुडता फुलू द्यावी. कोथिंबिरीच्या पांढऱ्या छत्र्यांवर मधमाशीसारख्या पट्ट्यांच्या, पण दोनच पंखांच्या माशा घिरट्या घालतात. त्यांतल्या अनेकींच्या अळ्या मावा खातात, हे शेतकऱ्याच्या मुलाला आवर्जून सांगावे. शेवग्याचा बहरही याच सुमाराचा.

उन्हाळा हा खरा कसोटीचा. जळगावात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि शहरातल्या कुंड्या वाळतात. त्या दिवसांत माशा झाडांवर जगतात : कडुनिंब, करंज, बहावा. बहाव्याखाली सकाळी दहाच्या आत उभे राहावे. वर भुंग्यांची वर्दळ असते. म्हणून शाळेला झाड लावायचेच असेल तर पाम नको, बहावा किंवा कडुनिंब लावावा. मातीच्या उथळ परळात खडे घालून पाणी ठेवावे. माशी खड्यावर बसून पिते, बुडत नाही.

पोकळ बांबूच्या पेरांची जुडी बांधून माशांसाठी घर करण्याची पद्धत अलीकडे बरीच दिसते. ती चांगली आहे, पण आपल्या उन्हाचा विचार करून. पेर एका बाजूने गाठीने बंद असावे, भोक पेन्सिलीएवढे किंवा त्याहून बारीक असावे, जुडी सावलीत, पावसापासून आडोशाला टांगावी. पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या येथे भट्टी होतात. वर्षा-दोन वर्षांनी, जुन्यातल्या माशा निघून गेल्यावर, नवे बांबू बांधावेत, नाहीतर परजीवी साठतात.

निरीक्षणाची वहीही साधी असावी : तारीख, वेळ, ऊन-ढग, फुलाचे नाव आणि दहा मिनिटांत आलेले पाहुणे. पाहुण्यांची जात ओळखता आली नाही तरी चालेल. भुंगा, निळे पट्टे, पानकातरी, पोळ्यातली मधमाशी, दोन पंखांची माशी, फुलपाखरू, पक्षी असे रकाने पुरतात. पकडायचे नाही, टाचायचे नाही. आग्या मोहोळाच्या जवळपासही मुलांना नेऊ नये. दुसऱ्या गटाने वांग्याच्या काही कळ्या जाळीच्या कापडाच्या पिशवीत बांधाव्यात, काही उघड्या ठेवाव्यात आणि किती फळे धरली ते मोजावे. येथे एक खाच आहे : वांग्याला लांब आणि आखूड कुक्षिवृंताची, अशी वेगवेगळी फुले येतात आणि आखूडवाली सहसा फळत नाहीत. ती वेगळी मोजली नाहीत तर निष्कर्ष फसेल. फसला तरी बिघडत नाही. का फसला हे शोधणे हाही पाठच आहे.

तीन ऋतूंच्या वहीत जे उमटेल ते पुस्तकातल्या आकृतीइतके नीटनेटके नसेल. एखाद्या पानावर 'कोणी आले नाही' एवढेच लिहिलेले असेल. ते पान फाडू देऊ नये. त्या फुलावर कोणी का आले नाही, हे विचारणारे मूल वर्गात निघाले, तर फळ्यावरची मधमाशी पुसून त्या मुलाला खडू द्यावा.