प्रमाणपत्रातील तारीख : दोन अंकी वर्षाच्या नियमाचे परीक्षण

एक्स.५०९ प्रमाणपत्र वाचणारा प्रोग्राम लिहिताना विद्यार्थी सगळा जोर सही पडताळण्यावर देतात. वैधतेच्या दोन तारखा मात्र एखाद्या तयार फंक्शनकडे सोपवून मोकळे होतात. मीही बरीच वर्षे तसेच शिकवले. म्हणून या टिपणात आपण आरएफसी ५२८० मधील तारखेचा नियम तपासून पाहू : त्यात चांगले काय, उणे काय आणि आपल्या कोडमध्ये तो कुठे मोडतो.

आधी नियम समजून घ्या. तारीख दोन प्रकारांत येते. ‘यूटीसीटाइम’मध्ये वर्ष दोन अंकी असते, ‘जनरलाइज्डटाइम’मध्ये चार अंकी. २०४९ अखेरपर्यंतच्या तारखा पहिल्याच प्रकारात लिहायच्या, २०५० पासूनच्या दुसऱ्या प्रकारात. दोन अंकी वर्ष ५० किंवा त्याहून अधिक असेल तर शतक १९ चे, कमी असेल तर २० चे. सेकंद लिहायलाच हवेत, सेकंदाचे अपूर्णांक चालत नाहीत आणि शेवटी जागतिक प्रमाणवेळ दाखवणारे ‘झेड’ हे अक्षर हवे. उदाहरणार्थ, ‘२६०३३११८२९५९झेड’ म्हणजे भारतीय वेळेनुसार ३१ मार्च २०२६, रात्रीचे ११:५९:५९.

या नियमाचा गुण मोठा आहे. मूळ एएसएन.१ मध्ये सेकंद वगळता येतात, ‘झेड’ऐवजी ‘+०५३०’ असा फरकही लिहिता येतो. एकच क्षण अनेक प्रकारे लिहिता येणे प्रमाणपत्राला परवडत नाही, कारण सही बाइट्सवर केलेली असते. आरएफसीने एका क्षणाला एकच रूप ठेवले.

उणीव दोन अंकी वर्षात आहे. १९८८ च्या एक्स.५०९ मध्ये वैधतेसाठी फक्त यूटीसीटाइम होते. जुने प्रोग्राम मोडू नयेत ही अडचण खरी होती. पण जानेवारी १९९९ मध्ये, म्हणजे वर्ष २००० ची धास्ती ऐन भरात असताना, आरएफसी २४५९ ने हाच प्रश्न २०५० पर्यंत पुढे ढकलला. परिणामी शतक प्रमाणपत्रात लिहिलेले नसते, ते वाचणाऱ्या प्रोग्रामने ठरवायचे असते. आणि प्रत्येक प्रोग्राम ते सारखेच ठरवतो असे नाही.

पायथनचे ‘एसटीआरपीटाइम’ घ्या. पॉझिक्सच्या रूढीप्रमाणे ते ६९ ते ९९ च्या आधी १९ जोडते आणि ०० ते ६८ च्या आधी २०. म्हणजे ५० ते ६८ या एकोणीस वर्षांत ते आरएफसीच्या विरुद्ध जाते. माझ्या जुन्या टिपणांत हेच फंक्शन होते. एका विद्यार्थिनीने ५० हे वर्ष देऊन पाहिले, उत्तर १९५० ऐवजी २०५० आले, तेव्हा चूक उघडी पडली. समजा, एखाद्याने २०५५ ची मुदत चुकून यूटीसीटाइममध्ये लिहिली. नियमाने ते वर्ष १९५५ ठरते आणि प्रमाणपत्र नाकारले जाते. आपला कोड मात्र ते बिनदिक्कत स्वीकारतो. प्रमाणपत्र एकच, निकाल दोन!

दुसरा दोष वेळक्षेत्राचा. ‘झेड’ हे केवळ एक अक्षर म्हणून जुळवले, तर हाती येणाऱ्या वेळेला क्षेत्रच नसते. ती स्थानिक वेळ मानली की भारतात साडेपाच तासांची चूक होते. याच्या उलटही घडते. ज्या प्रमाणपत्राला निश्चित मुदत नाही, त्यात ‘९९९९१२३१२३५९५९झेड’ लिहितात. ही वेळ भारतीय वेळेत बदलायला जा, वर्ष १०००० येते आणि पायथन त्रुटी देऊन थांबते. म्हणून तुलना नेहमी जागतिक प्रमाणवेळेतच करा.

तयार लायब्ररी वापरली म्हणजे सुटलो, असेही समजू नका. जून २०१५ मध्ये ओपनएसएसएलने तारखांची तुलना करणाऱ्या फंक्शनमधला दोष दुरुस्त केला. ते फंक्शन स्ट्रिंगची लांबी नीट तपासत नव्हते, त्यामुळे स्ट्रिंगच्या पलीकडचे बाइट वाचले जाऊ शकत होते. शिवाय सेकंदाचे कितीही अपूर्णांक अंक ते चालवून घेत होते. नियमात जे निषिद्ध आहे ते ‘चालवून घेणे’ हा उदारपणा नव्हे.

माझे मत असे : नियम तडजोडीचा आहे, पण स्पष्ट आहे. चूक आपण तो अर्धवट वाचण्यात करतो. म्हणून प्रकार स्ट्रिंगवरून ओळखू नका, टॅग वाचा : यूटीसीटाइमचा २३, जनरलाइज्डटाइमचा २४. मग लांबी अनुक्रमे १३ आणि १५ आहे का ते तपासा, शतक स्वतः जोडा आणि बाकी सर्व नाकारा.

सरावासाठी : तुमच्या प्रोग्रामला ‘४९१२३१२३५९५९झेड’, ‘५००१०१००००००झेड’ आणि ‘२०५००१०१००००००झेड’ द्या. उत्तरे २०४९, १९५० आणि २०५० यायला हवीत. त्यानंतर पहिल्या तारखेतील सेकंद काढून पाहा. प्रोग्रामने ती नाकारली, तरच तो बरोबर आहे.