वाढायला उभा राहू पाहणारा पाहुणा

इंग्रजी कवी जॉर्ज हर्बर्टने ‘लव्ह’ याच नावाच्या तीन कविता लिहिल्या. त्यांतली तिसरी अवघ्या अठरा ओळींची आहे. नम्रतेच्या पोटात लपलेला अहंकार इतक्या मायेने उघडा करणारी दुसरी कविता मला ठाऊक नाही.

प्रसंग साधा आहे. देव इथे ‘प्रेम’ या नावाने यजमान झाला आहे. आत येताच पाहुणा कचरतो, कारण आपण पापाने मळलेले आहोत हे त्याला कळतं. यजमानाची नजर तीक्ष्ण, पण पाहुण्याचं पाऊल अडखळलं हे दिसताच तो जवळ येतो आणि काय कमी आहे, असं विचारतो. पाहुणा म्हणतो, इथे बसण्याच्या लायकीचा पाहुणा तेवढा कमी आहे. हे उत्तर नम्र आहे, आणि फार चतुरही. आपली उणीव तो एखाद्या तिऱ्हाइताची असावी तशी सांगतो. मला हवं आहे, एवढंच त्याच्या तोंडून निघत नाही. यजमान चर्चा वाढवत नाही. तो पाहुणा तूच, एवढंच सांगतो.

मग सबबी सुरू होतात. तुझ्याकडे बघायचीही माझी पात्रता नाही, असं पाहुणा म्हणतो, तर यजमान हसून त्याचा हात धरतो आणि डोळे कोणी घडवले याची आठवण देतो. ते मी विटाळले, आता माझी लाज तिच्या लायकीच्या जागी जाऊ दे, ही पुढची सबब. त्यावर यजमान विचारतो, तो दोष कोणी अंगावर घेतला हे तुला माहीत नाही का? संपूर्ण कवितेत वधस्तंभाचा एवढाच उल्लेख, तोही प्रश्नाच्या आडून.

इथे पाहुणा हरायला हवा, पण तो शेवटची आणि सगळ्यांत सुंदर पळवाट काढतो: मग मी सेवा करीन. पंगतीत पानावर बसण्याचा संकोच वाटला की आपण वाढायला उभे राहतो, तसंच हे. वाढणाऱ्याच्या हातात निदान पळी असते. बसणाऱ्याचे हात रिकामे असतात. योहानाच्या शुभवर्तमानात येशूकडून पाय धुवून घ्यायला नकार देणाऱ्या शिष्य पेत्राची अडचण हीच होती. यजमान मात्र आग्रह सोडत नाही: बस आणि माझं अन्न चाख.

हे लिहिणारा माणूस सेवेला कमी लेखणारा नव्हता. १६२० मध्ये केंब्रिज विद्यापीठाचा अधिकृत वक्ता झालेला, १६२४ मध्ये पार्लमेंटात बसलेला हर्बर्ट १६३० पासून सॉल्झबरीजवळच्या बेमर्टन या लहानशा गावात धर्मगुरू होता. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस लोकांना देणं हे त्याचं कामच. वाढणारा म्हणून ज्याचं आयुष्य ठरलं, त्याने स्वतःला आधी पानावर बसवलं, हे मला या कवितेतलं सर्वांत मोठं धाडस वाटतं. १६३३ मध्ये, चाळिशीच्या आत, तो गेला. त्याच वर्षी निघालेल्या ‘द टेंपल’ या संग्रहात मृत्यू, न्यायाचा दिवस, न्याय आणि स्वर्ग या विषयांवरच्या कवितांनंतर ही येते. त्यामुळे हे जेवण चर्चमधलं की स्वर्गातलं, हा प्रश्न खुला राहतो, आणि तो तसाच राहिलेला बरा.

शेवटच्या ओळीत सहा शब्द आहेत, सगळे एका दमात उच्चारले जाणारे, लहान. पाहुणा बसला आणि जेवला, एवढंच त्यात आहे. आपण लायक झालो असं तो म्हणत नाही, आभारही मानत नाही. इतका वेळ वाद घालणारा माणूस उत्तर देणं सोडून घास घेतो, आणि त्या घासातच त्याची कबुली येते.

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिने ही कविता पाठ केली होती. डोकेदुखी असह्य झाली की ती पुन्हा पुन्हा म्हणायची. आपण एक सुंदर कविता म्हणतो आहोत, असंच तिला वाटत होतं. त्या म्हणण्यात प्रार्थनेचं बळ होतं, आणि अशाच एका वेळी ख्रिस्ताने आपला ताबा घेतला, हे तिने नंतर एका पत्रात लिहिलं. तोवर तिने कधी प्रार्थना केलेली नव्हती.